फिलिपीन्सच्या शाळा मनिलाच्या ताब्यातून काढाव्यात का?

कोरांटी (धागाकर्ती): माझं मत स्पष्ट आहे: काढाव्यात. १८६३च्या स्पॅनिश हुकुमाने गावोगावी मुलांची एक आणि मुलींची एक शाळा काढायला लावली, देखरेख पाद्र्याकडे दिली आणि वरचं मंडळ राजधानी मनिलात बसवलं. पुढे अमेरिकन राजवटीत १९०१च्या कायदा क्र. ७४ने इंग्रजी माध्यम आणलं, पाद्र्याचा अंमल संपवला, पण सूत्रं मनिलातच राहिली. १९२५मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ पॉल मन्रो यांच्या समितीने या अतिकेंद्रीकरणावर बोट ठेवलं होतं. पुढे १९९१च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आरोग्य, शेती विस्तार, समाजकल्याण खाली, स्थानिक सरकारांकडे दिलं. शिक्षक मात्र केंद्राकडेच. पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी; २०१८मध्ये तिच्यात वाचनात हा देश तळाला होता. शंभर वर्षं एकाच जागेवरून कारभार केल्याचं हे फळ आहे.

सह्यकडा: सपशेल असहमत. आरोग्य खाली दिल्यावर काय झालं ते आधी बघा. गरीब नगरपालिकांना आरोग्य कर्मचाऱ्यांचे कायद्याने ठरलेले भत्तेसुद्धा देता येईनात, आणि शेजारच्या दोन गावांत एकाच कामाचे पगार वेगळे झाले. शिक्षकांचंही तेच होईल.

शिवाय शाळांसाठी स्थानिक पैसा आजही आहेच. मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर जादा १ टक्का कर बसतो, तो विशेष शिक्षण निधीत जातो आणि स्थानिक शाळा मंडळ तो खर्च करतं. मंडळाचे सहअध्यक्ष मेयर आणि शिक्षण खात्याचा अधिकारी. आता मनिलाला लागून असलेल्या श्रीमंत मकाती शहरात उंच इमारती आहेत आणि समार बेटाच्या किनाऱ्यावरच्या गावात नारळाची झाडं. १ टक्का दोन्हीकडे सारखाच, पण त्यातून मकातीत किती येणार आणि समारमध्ये किती? त्यात मूल्यांकन दर तीन वर्षांनी सुधारायचा नियम कित्येक ठिकाणी पाळला जात नाही, कारण कर वाढवणारा मेयर पुढची निवडणूक हरतो.

कोरांटी: करातली विषमता मान्य. पण केंद्राचा पैसा तरी शाळेत धड पोचतो का? वीज, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती यासाठीचा निधी बहुसंख्य लहान शाळांत मुख्याध्यापक स्वतःच्या नावावर उचल घेऊन खर्च करतात. मग पक्क्या पावत्या जोडून विभागीय कार्यालयात हिशेब द्यायचा. तो मंजूर होईपर्यंत पुढची उचल नाही. बेटावरचा सुतार पक्की पावती कुठून देणार? मग एकतर दार मोडकंच राहतं, नाहीतर मुख्याध्यापक पदरमोड करतात. मनिलाला हे दिसत नाही.

पाटीपेन्सिल: तुमचा मुद्दा रास्त, निष्कर्ष चुकीचा. हा हिशेबाच्या नियमाचा दोष आहे, सत्ता कुठे आहे याचा नाही. ठरावीक रकमेखालच्या कामाला मुख्याध्यापक आणि पालक प्रतिनिधी यांच्या सहीचं प्रमाणपत्र चालवा, प्रश्न सुटतो. २००१च्या ९१५५ क्रमांकाच्या कायद्याने मुख्याध्यापकाला अधिकार दिलेच आहेत, फक्त पैशाची वाट मोकळी केली नाही.

भाषेचंही बघा. पहिल्या इयत्तांत मातृभाषा सक्तीची केली २०१२पासून, आणि २०२४च्या १२०२७ क्रमांकाच्या कायद्याने ती सक्ती काढली. दोन्ही निर्णय मनिलाचेच. पण अडचण वर्गातली होती: एका वर्गात तीन भाषांची मुलं, आणि पुस्तकं मोजक्याच भाषांत. गावाकडे अधिकार दिला म्हणून पुस्तकं आपोआप तयार होणार नाहीत.

सह्यकडा: यात एक मुद्दा कुणीच मांडला नाही. फिलिपीन्समध्ये मतदान केंद्रावर मुख्यतः सरकारी शिक्षकच बसतात. २०१६च्या कायद्याने हे काम ऐच्छिक झालं, तरी बसतात तेच. उद्या त्यांची नेमणूक, बढती, बदली मेयरच्या हातात गेली, तर मतमोजणीच्या रात्री त्या शिक्षकाने कुणाकडे बघायचं? माझ्या मते सगळ्या वादाचा हा गाभा आहे.

कोरांटी: हे मला पटतं. नेमणूक आणि पगार मनिलाकडे राहू दे. पण प्रांतातल्या नगरपालिकांत त्या १ टक्का शिक्षण कराचा निम्मा वाटा प्रांताच्या मंडळाकडे जातो, तो त्याच प्रांतातल्या गरीब नगरपालिकांना वाटायची सक्ती करा. इमारतीसाठी मनिलाच्या बांधकाम खात्याची वाट बघायला लागणार नाही.

पाटीपेन्सिल: चालेल, पण एका अटीवर. वाटपाचं सूत्र पटसंख्या आणि पडक्या खोल्या यांवर कायद्यातच लिहा. प्रांताच्या गव्हर्नरच्या मर्जीवर सोडलंत, तर पैसा त्याच्या पक्षाच्या मेयरकडेच जाईल.

सह्यकडा: आणि मूल्यांकन? २०२४च्या १२००१ क्रमांकाच्या कायद्याने मूल्यांकन ज्यांवरून होतं त्या बाजारमूल्याच्या तक्त्यांना मान्यता द्यायचा अधिकार केंद्राच्या वित्त खात्याकडे नेला. तो नीट राबला तरच वाटायला काही उरेल.