असिंक (एक काम थांबलं की दुसरं पुढे नेणाऱ्या) पायथनमध्ये कमिट कुणी करायचं: इन्सर्ट करणाऱ्या फंक्शननं की त्याला बोलावणाऱ्यानं?

फोंडा (धागा सुरू करणारा)
डिसेंबरच्या गर्दीत पाहुणा होमस्टेच्या दाराशी उभा, त्याच्या मोबाइलवर बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज, आणि आपल्या टेबलात ओळच नाही. लॉगमध्ये इन्सर्ट (टेबलात ओळ घालण्याची आज्ञा) दिसतो, एरर कुठेच नाही. माझं ठाम मत: इन्सर्ट करणाऱ्या फंक्शननं कमिट, म्हणजे बदल डेटाबेसात कायम करणं, करूच नये. बुकिंग, आगाऊ रक्कम आणि खोलीची नोंद हे एकच काम. ते सगळं एका ‘सेशन डॉट बिगिन’च्या ब्लॉकमध्ये घाला (सेशन म्हणजे डेटाबेसशी चाललेलं संभाषण). ब्लॉक नीट संपला तर कमिट, एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) आलं तर सगळं रोलबॅक, म्हणजे मागे फिरवलेलं.

म्हापसा
अजिबात पटलं नाही. कमिट असं ब्लॉकच्या आड गेलं की कोड वाचणाऱ्याला ते दिसत नाही. एसक्यूएलअल्केमीत (पायथनची डेटाबेस लायब्ररी) ‘इंजिन डॉट बिगिन’ शेवटी कमिट करतं, ‘इंजिन डॉट कनेक्ट’ गुपचूप रोलबॅक करतं. जुन्या सिंक (एका वेळी एकच काम करणाऱ्या) कोडमध्ये कनेक्शनवरचा इन्सर्ट आपोआप कमिट व्हायचा, २०२३ च्या २.० आवृत्तीत ते बंद झालं. त्या सवयीनं लिहिणारे इथेच फसतात. इन्सर्टच्या खालीच ‘अवेट’ (हे काम संपेपर्यंत थांब) लावून कमिट लिहा, डोळ्यांसमोर राहील.

फोंडा
आणि बुकिंग कमिट झाल्यावर आगाऊ रकमेचा इन्सर्ट फसला तर? खोली अडकली, पैशांची नोंद नाही. शिवाय सेशन कमिटनंतर ऑब्जेक्ट शिळे, म्हणजे डेटाबेसातून पुन्हा वाचायला हवेत असे, ठरवतं. मग ‘बुकिंग डॉट नाव’ वाचायला गेलात की असिंकमध्ये ‘मिसिंग ग्रीनलेट’ ही एरर अंगावर येते. ‘एक्स्पायर ऑन कमिट’ हे सेटिंग फॉल्स करून ते टळेल, पण अर्धवट बुकिंग टळणार नाही.

डिचोली
दोघांनीही आधी बिघाड कुठे आहे ते बघावं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सिक्वेन्सचा (आयडीला पुढचा आकडा देणाऱ्या मोजणीचा) आकडा रोलबॅक झाला तरी मागे येत नाही. नवी ओळ घाला आणि आयडी बघा. मधले आकडे गळाले असतील तर बहुधा इन्सर्ट डेटाबेसपर्यंत पोचून परत फिरलाय, म्हणजे कमिट शोधा. (सिक्वेन्सला कॅश लावलेली, म्हणजे आकडे आधीच राखून ठेवलेले असतील तर ही खूण धरू नका.) आकडे सलग असतील तर इन्सर्ट पोचलाच नसावा. तेव्हा ‘कोरुटीन वॉज नेव्हर अवेटेड’ (असिंक फंक्शन बोलावलं, पण ‘अवेट’ विसरलं) ही वॉर्निंग बघा. बरेच जण ती लॉगमध्ये दाबून टाकतात. ‘क्रिएट टास्क’नं मागे सोडलेलं काम, म्हणजे टास्क, तेही तपासा. इव्हेंट लूप (असिंक कामं चालवणारा भाग) टास्कचा फक्त कमकुवत संदर्भ ठेवतो, जो त्याला मेमरीत टिकवत नाही, तो टास्क व्हेरिएबलमध्ये धरला नाही तर अर्ध्यावर नाहीसा होऊ शकतो. ‘असिंकआयओ डॉट रन’ संपताना उरलेले टास्क रद्द होतात ते वेगळंच.

मडगाव
दहा खोल्यांच्या होमस्टेला असिंक हवंच कशाला? साधं सिंक लिहा, यातले निम्मे प्रश्न उरणार नाहीत.

फोंडा
मडगावकर, बुकिंगच्या वेबसाइटशी आणि पेमेंटशी एकाच वेळी बोलायचं असतं, म्हणून हवं. पण एकच सेशन ‘गॅदर’मधल्या (अनेक टास्क एकत्र चालवणाऱ्या फंक्शनमधल्या) सगळ्या टास्कना वाटू नका, असिंकसेशन त्यासाठी बनलेलंच नाही. प्रत्येक टास्कला आपलं सेशन, आपला ब्लॉक. डिचोलीकरांची आयडीची खूण मात्र मी उद्यापासून वापरणार.

म्हापसा
पैशांच्या नोंदीपुरता तुमचा ब्लॉक मान्य. लॉगच्या टेबलात एकेकटी ओळ घालणाऱ्या फंक्शनमध्ये मी कमिट तिथेच लिहिणार. ती ओळ मुख्य काम रोलबॅक झालं तरी राहायला हवी, म्हणून तिचं सेशनही वेगळं ठेवतो.