एअरबॅग उघडली नाही, तर कंपनीचं उत्तर शेवटचं नव्हे

कुणीतरी लिहिलंय की समोरून धडक बसूनही एअरबॅग उघडली नाही आणि 'आघात पुरेसा नव्हता' म्हणून कंपनीने हात वर केले. तिथेच गप्प बसू नका. ह्युंदाई क्रेटाचं प्रकरण वाचा. नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, एअरबॅगा उघडल्या नाहीत, मालकाला डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. कंपनीचा युक्तिवाद नेहमीचाच. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहकाने वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं अशी अपेक्षा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भरपाई मिळालीच, शिवाय गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

आता दुसरी बाजू. मागून धडक बसली तर पुढच्या एअरबॅगा सहसा उघडत नाहीत, तो बिघाड नाही. आणि पट्टा न लावता एअरबॅगच्या भरवशावर बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण ती अंगावर येते तीच प्रचंड वेगाने.

गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. पेटलेलाच राहिला तर एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नका. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिच्यावर ते जाड रेक्झिनचं कव्हरही चढवू नका. दुकानदार 'काही होत नाही साहेब' म्हणणारच!

जुनी गाडी घेताय? चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का बघा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगा फुगवणारं रसायन, अमोनियम नायट्रेट, उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. मुंबई-कोकणातल्यांनी तर हे आधी बघावं.