गुरुवारच्या सुट्टीत प्रभात फिल्म कंपनीचे दोन सिनेमे सलग, झेपेल का?

भोसरीकर
मंडळी, आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनच्या विभागाला, गुरुवारी सुट्टी. बायको ऑफिसात, पोरगं शाळेत. माझी सुट्टी गाडी धुण्यात आणि दळण आणण्यात जाते. या गुरुवारी लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये सकाळी ‘संत तुकाराम’ आणि दुपारी ‘कुंकू’ आहे. ‘तुकाराम’ लहानपणी टीव्हीवर अर्धाच पाहिला, मग लाईट गेली. ‘कुंकू’ पाहिलेलाच नाही. दोन्ही बघू की एकच? मोबाईलवर जुना सिनेमा लावला की वीस मिनिटांत माझा डोळा लागतो, म्हणून विचारतोय.

खिडकीवाला
लागला तर लागू दे की. फक्त घोरू नका, तिथली जनता फार गंभीर असते.

निवृत्त_बाई
दोन्ही बघा, आणि डबा न्या. मधल्या वेळात चालत फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकापर्यंत जाऊन या. तोच प्रभातचा स्टुडिओ. कोल्हापूरहून कंपनी १९३३ला इथे आली, तुम्ही बघणार ते दोन्ही सिनेमे तिथेच झाले.
‘तुकाराम’मध्ये सगळे तुकाराम झालेल्या पागनीसांकडे बघतात. साहजिक आहे, नाटकात स्त्री-भूमिका करणारा माणूस इतका साधा वाणी दिसतो. पण तुम्ही गौरीची जिजाई बघा. नवरा अभंगात रमलाय, घरात दाणा नाही, आणि ही थेट विठोबालाच फैलावर घेते. मला तर दर वेळी तिचंच पटतं.
‘कुंकू’ अडीच तासांच्या वर आहे, पण झोप येणार नाही. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं. काकासाहेबांच्या, म्हणजे त्यातल्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, घड्याळाकडे कान ठेवा. नायिका शांता आपटे चक्क एक इंग्रजी कविता गाते, १९३७ साली! आमच्या वर्गातल्या मुली हसायच्या, मग गप्प व्हायच्या.

खिडकीवाला
बाई, ‘आधी बीज एकले’ राहिलं. आमचे आजोबा तो तुकोबांचा अभंग म्हणून पैज लावायचे. गाथेत सापडेना. सापडणार कसा, लिहिलाय शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी! पैजेचे दोन रुपये अजून येणं आहेत.

भोसरीकर
जाऊन आलो. दोन्ही पाहिले.
‘तुकाराम’ला शेजारचे एक काका सगळे अभंग पुटपुटत होते. आधी चिडलो, नंतर त्यांच्याबरोबर मीही. बाईंचं ऐकून जिजाईकडे बघत राहिलो. माझी आजी असंच बोलायची, देवाशीही.
पण ‘कुंकू’चं सांगतो. आठवड्याचे सहा दिवस मी प्रेसच्या दणक्यात असतो, कानात बोळे घालून. घरी टीव्ही मोठ्याने लावतो म्हणून बोलणी खातो. इथे बराच वेळ पडद्यावर कोणी बोलत नाही, वाद्य नाही, नुसतं घड्याळ. मला वाटलं आवाज गेला, मागे वळून वर प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघितलं. बाकी कोणी वळलं नाही. मग लक्षात आलं, आणि नंतर त्या घड्याळाची भीतीच वाटायला लागली. मोबाईलवर हे कळलंच नसतं, तिथे आपण आवाज वाढवतो आणि पुढे ढकलतो.
डबा फाटकासमोर फुटपाथवर उभ्यानेच खाल्ला. दळण राहिलं.
‘माणूस’ कधी लागणार असेल तर कळवा. गुरुवार असेल तरच.