बाहेर बसून वॉटरकलर स्केच: ऋतू बदलला की सगळंच बिघडतं, तुम्ही काय करता?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी, मी जमेल तसं बाहेर बसून छोटी वॉटरकलर स्केचेस करते, पोस्टकार्डाएवढी नाहीतर फार तर ए५, अर्ध्या पाऊण तासात उरकायची अशी. सध्या एकच जागा धरलीये, एक मोठं झाड, मागे जुनी भिंत आणि लांबवर टेकडी, आणि तीच वर्षभर करत राहायची असं डोक्यात आहे. पण हिवाळ्यात जे बरं जमत होतं ते उन्हाळ्यात जमेचना, आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येईपर्यंत वरची कडा वाळलेली असायची आणि मध्ये ही मोठी रेघ. आता पावसाळ्यात बरोबर उलटं चाललंय, कागद वाळायचं नावच घेत नाही, झाड टाकलं की ते आकाशात पसरतं आणि टेकडी त्या झाडात शिरते. वर हिरव्याने वैताग आणलाय. समोर इतक्या तऱ्हेचे हिरवे दिसतायत आणि माझ्या कागदावर सगळं एकाच डबीतून ओतल्यासारखं.

तर विचारायचं असं की तुम्ही ऋतूप्रमाणे रंग बदलता, का कागद बदलता, का बसायची पद्धतच वेगळी असते? माझ्याकडे १२ हाफ पॅनची (सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांची) पेटी, ८ नंबरचा सिंथेटिक राउंड ब्रश आणि २०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जितकं जास्त तितका जाड) साधं स्केचबुक आहे.

ओला_कागद:
रंगांचं राहू द्या, आधी पाण्याकडे बघा. ऋतू बदलला की सगळ्यात आधी काय बदलतं तर कागद वाळायचा वेळ, आणि आपण मात्र सवयीने तेवढंच पाणी घेऊन तेवढ्याच स्पीडने काम करत राहतो.

तुमचं स्केचबुक साधं, म्हणजे बहुतेक सेल्युलोज पल्पचं, लाकडाच्या लगद्याचं असणार. त्यावर पाणी वर वरच राहतं आणि वाळतं तेही धब्ब्याधब्ब्याने. कॉटन कागद पाणी आत ओढून घेतो म्हणून तो सावकाश आणि एकसारखा वाळतो, उन्हात जी दोन मिनिटं जास्त मिळतात तीच लाखमोलाची. ३०० जीएसएमचा १०० टक्के कॉटन महाग वाटत असेल तर एक मोठा शीट आणून त्याचे तुकडे फाडून ठेवा, पोस्टकार्डाच्या मापात भरपूर निघतात.

उन्हाळ्यात मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवते आणि प्लास्टिकच्या नाहीतर अॅक्रिलिकच्या पातळ शीटवर चिकटवते, खालून ओल टिकते आणि टेपही लागत नाही. आकाशाचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवायचा, वॉश अर्ध्यात आला आणि परत रंग कालवायला बसलात की ती रेघ आलीच म्हणून समजा. बोर्ड थोडा तिरका धरा म्हणजे खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमा होतो, तोच ब्रशने खाली खाली ओढत न्यायचा. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तरी वाळणं लांबतं, पण जास्त झालं तर चित्र दुसऱ्या दिवशीही हाताला चिकटतं.

पावसाळ्यात याच्या उलट, पाणी कमी आणि रंग दाट. कागद डोळ्यांच्या लेव्हलला आडवा धरून उजेडाकडे बघा. आरशासारखी चकाकी असेल तर काहीही टाका, पसरणारच. चकाकी नुकतीच मावळलीये आणि कागद मंद ओलसर दिसतोय तेव्हा दाट रंग टाकला की कडा मऊ येते पण आकार धरून राहतो, लांबची झाडं करायची ती याच वेळी. आणि याच वेळी भिजलेला ब्रश टेकवलात की कॉलीफ्लॉवर, म्हणजे फुलकोबीसारखा वेडावाकड्या कडेचा डाग, पडलाच, कारण ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त झालं. दिसायला कोरडा वाटला तरी बोटांची मागची बाजू लावून बघायची, गार लागला तर आत ओल आहे.

एवढं थांबायला वेळ नसेल तर झाड आणि आकाश यांच्यामध्ये कोरड्या कागदाची बारीकशी फट सोडा. पाणी ती फट ओलांडत नाही. दिसायलाही छान दिसतं ते.

सावलीवाला:
ओला_कागद ताईंचं पाण्याबद्दल पटलं, पण सगळ्या ऋतूंची चित्रं सारखी दिसतात त्याचं कारण मला तरी पाणी वाटत नाही, ते टोनमध्ये, म्हणजे कुठला भाग किती उजळ आणि किती गडद यात आहे. आपण "झाड हिरवं" हे ठरवूनच बसतो आणि प्रकाश कुठून येतोय हे बघतच नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. हिवाळ्यात तो खाली असतो म्हणून दुपारीही सावल्या लांब, आणि सकाळ-संध्याकाळ तर त्या बघता बघता हलतात. त्यामुळे सावल्यांचे आकार पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिलीने बांधून टाका आणि नंतर त्या कितीही सरकल्या तरी त्यांच्या मागे धावू नका, नाहीतर एकाच चित्रात भिंतीची सावली सकाळची आणि झाडाची दुपारची. उन्हाळ्यात भर दुपारी सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते, आकाश क्षितिजाजवळ पांढुरकं पडतं, उजेडातले रंग उडाल्यासारखे दिसतात, म्हणजे तिथे रंग भरण्यापेक्षा कागद सोडणंच जास्त महत्त्वाचं. ढगाळ दिवसात उठावदार सावलीच नसते, मग सगळी मदार आकारांवर. आकाश सगळ्यात उजळ, टेकडी मधली, झाड गडद, एवढे तीनच टोन धरा. ओल्या पानांवर आकाशाचा करडा उजेड चमकतो, तिथे हिरवा अजिबात नको, फिका निळसर करडा द्या नाहीतर कोरा कागद. पावसाळी हिरवा हिरवागार वाटतो तो शेजारी हा करडा असतो म्हणून.

हिरव्यासाठी पेटीतला तयार हिरवा महिनाभर बंद ठेवून बघा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पिवळा ऑकर (मातकट पिवळा) मिसळला की मळकट, वाळत चाललेल्या गवताचा हिरवा मिळतो. तोच अल्ट्रामरीन लेमन यलोमध्ये घातला तर बराच ताजा. थॅलो ब्लू (फार तीव्र निळा) घेतलात तर अगदी कोवळा झगझगीत, पण तो थेंबभरच घ्या, सगळं गिळून टाकतो आणि कागदाला डाग धरतो, पुसला तरी पूर्ण जात नाही. आणि कुठलाही हिरवा भडक वाटला की त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). सावलीतला गडद हिरवा मी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा पिवळा असाच करतो, काळ्याला हात लावत नाही.

अजून एक, कागदावर थेट ऊन घेऊन बसू नका. पांढरा कागद एवढा चमकतो की आपण नकळत सगळं गडद करत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. रंगीत काचांचा गॉगल घालून तर नकोच.

घाईत_असतो:
मला सांगा, एवढी यातायात कशाला? फोटो काढा, घरी पंख्याखाली निवांत रंगवा. पाऊस नाही, ऊन नाही, मुंग्या नाहीत. मी तरी हल्ली तेच करतो.

सावलीवाला:
@घाईत_असतो करा की राव, कोण अडवतंय. फक्त फोटोत सावल्या काळ्या होतात आणि आकाश कोरं पडतं, कारण कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाला जुळवून घेतो. प्रत्यक्ष बघताना त्याच सावलीत निळा दिसतो, भिंतीवरून उजेडाबरोबर परतून आलेला तांबूसपणा दिसतो. घरी रंगवायचंच असेल तर जागेवर निदान दहा मिनिटांची एक रंगनोंद तरी करा, नुसते पट्टे मारले तरी चालेल. मग फोटो फक्त फांद्या कुठे होत्या ते बघायला.

रंगपेटी:
दोघांचेही खूप आभार. फट सोडायची युक्ती आजच करून बघितली आणि पहिल्यांदा झाड जागेवर राहिलं! कडा जरा कापून लावल्यासारखी दिसते पण ते जमेल. बर्न्ट सिएनाने तर कमाल केली.

आता नवीन कटकट. पेटी उघडली तर दोन पॅनवर पांढरी बुरशी. आणि स्केचबुकाच्या काही पानांवर रंग टाकला की मध्येच गडद ठिपके उमटतात, रंग तिथे शोषला जातो. हे दमटपणामुळेच का?

जुनी_पेटी:
हो, दोन्ही दमटपणाचेच प्रताप. पॅनच्या रंगात गम अरेबिक (झाडाचा डिंक) असतो आणि बऱ्याच कंपन्या मधही घालतात, ओली पेटी तशीच बंद केली की बुरशीला मेजवानीच. वरचा थर ओल्या टिश्यूने पुसून काढा, पॅन उघडे ठेवून पूर्ण वाळवा, खालचा रंग सहसा वापरता येतो. यापुढे घरी आल्यावर पेटी रात्रभर उघडीच ठेवायची.

कागदाचं मात्र अवघड आहे. रंग वरच राहावा म्हणून कागदाला जे सायझिंग केलेलं असतं, जिलेटिन वगैरे, ते ओलीने जागोजागी खराब होतं आणि तिथे कागद टिपकागदासारखा रंग पितो. ती पानं पेन आणि शाईला वापरा, वॉटरकलरला गेली. नवीन कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि बाहेर नेताना त्या दिवसापुरते दोन-तीन तुकडेच न्या.

दमटपणाचा एक फायदाही घ्या पण. कागद हळू वाळतो त्यामुळे अल्ट्रामरीनचे कण खाली बसायला वेळ मिळतो आणि ढगात जो दाणेदार करडा येतो तो उन्हाळ्यात सहजी येत नाही. रफ (खरबरीत) कागदावर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात सोडा आणि हात लावू नका. फक्त लक्षात ठेवा की ओला असताना दिसतो त्यापेक्षा तो फिका वाळणार, आणि पावसाळ्यात तो वाळलेला बघायला मिळेपर्यंत आपण सामान आवरलेलं असतं, त्यामुळे जागेवरच अंदाजाने एक पायरी गडद टाका.

आणि एकच जागा वर्षभर करताय तर प्रत्येक स्केचच्या मागे तारीख, वेळ, हवा आणि वारा कुठून होता ते लिहून ठेवा. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांची जी भराभर स्केचेस केली, ती तैलरंगातली आहेत पण त्यातल्या बऱ्याच कागदांच्या मागे त्याने असंच लिहिलंय. नुसतं "पावसाळा" लिहून उपयोग नाही, पाऊस पडून गेल्यावरची हवा आणि पडायच्या आधीची हवा यात टेकडीचा रंग पार वेगळा असतो.

रंगपेटी:
हे मागे लिहायचं भारीच, आजपासून सुरू. शेवटचं विचारते, छत्री लावून बसते तेव्हा रंग विचित्र येतात, छत्री लाल आहे माझी, त्यानेच का?

ओला_कागद:
त्यानेच. लाल छत्रीतून लालसर उजेड कागदावर पडतो, डोळा त्याला सरावतो आणि मग आपण हिरवा-निळा कमीजास्त करत बसतो. काळी किंवा करडी घ्या, पांढरीही चालते पण कडक उन्हात ती फार उजेड आत सोडते. आणि दांडा बॅगेला नाहीतर स्टुलाला बांधून टाका, एका हातात छत्री धरून वॉश होत नाही.