दहावी गणित: चाचणीत १७, तरी एफएमध्ये मुलगी मागे. वहीचे आणि उशिराचे मार्क असे कापतात का?

खानापूरकर_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी दहावीला आहे, मराठी मीडियम, बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज बसनं हायस्कूलला जाते. यंदा गणिताला नवीन सर आलेत, शिकवतात चांगलं म्हणून पोरं सांगतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जूनमध्येच त्यांनी एक कागद वाटला आणि पालकांची सही घेऊन आणा म्हणून सांगितलं. त्यात होतं की गृहपाठाची वही रोज पहिल्या तासाला टेबलावर पाहिजे, उशीर झाला तर उपक्रमाचे मार्क कापणार, स्टेप न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य, आणि चाचणी चुकली तर परत घेणार नाही. मी सही केली, तेव्हा एवढं लक्षात आलं नाही.

आता एफए १ चे, म्हणजे वर्षातल्या पहिल्या अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क आले. लेखी चाचणीत २० पैकी १७, पण दोन उपक्रमांना १५ पैकी ६ आणि ७. म्हणजे ५० पैकी ३०. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला चाचणीत ९ आहेत आणि उपक्रमात १४, १४, ती झाली ३७. ती मुलगी पण गुणाची आहे, तिच्याबद्दल काही नाही, पण माझी पोर त्या दिवशी घरी येऊन जेवलीच नाही. आई, गणित मला जास्त येतंय मग मी कमी कशी, हे विचारूलाय आणि माझ्याकडं उत्तर नाही.

पहिला तास गणिताचा आणि बस रोज १०-१५ मिनिटं उशिरा. शक्ती योजना (बायकांना फुकट बस) आल्यापासून गर्दी एवढी असते की कधी कधी आमच्या स्टॉपला गाडी थांबतच नाही, मग मागची. जुलैच्या पावसात तर विचारू नका. वही पूर्ण असते हो, फक्त टेबलावर वेळेत पोचत नाही.

शिवाय चाचणीत जे ३ गेले ते एकाच गणिताचे. दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज ९, अंक उलटे केले तर संख्या २७ नं वाढते, ती संख्या कोणती. हिनं ३६ लिहिलं, खाली ६३ - ३६ = २७ असं करून पण दाखवलं, तरी ३ पैकी ०. उत्तर तर बरोबर आहे की. हे सगळं नियमात बसतं का आणि सरांना जाऊन बोलावं का नको, तेवढं सांगा. दहावीचं वर्ष आहे, सरांशी वाकडं नको असं घरचे म्हणतात.

निवृत्त_गणित_मास्तर
ताई, मी ३३ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच आपल्याच भागातल्या मराठी हायस्कूलमध्ये. आधी घाबरणं कमी करतो, मग बाकीचं.

हे ५० मार्क जसेच्या तसे एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावी बोर्डाला जात नाहीत. वर्षात चार एफए, प्रत्येकी ५० म्हणजे एकूण २००, आणि त्याचे करायचे २०. उरलेले ८० बोर्डाच्या लेखी पेपरचे. म्हणजे एफएचे १० मार्क गेले तर शेवटी इंटरनलचा १ जातो. तुमच्या लेकीचे ३० म्हणजे २० मधले ३, मैत्रिणीचे ३७ म्हणजे ३.७. आज दोघींत फरक पाऊण मार्काचासुद्धा नाही, हे तिला कागदावर मांडून दाखवा, गणितातली पोर आहे, तिला पटेल. पण हेच चारही वेळा झालं, दरवेळी उपक्रमात १७ जात राहिले, तर शेवटी जवळजवळ ७ मार्क जातात आणि ते मात्र थोडे नाहीत. म्हणून बोलायला जा, आणि आत्ताच जा, एफए २ व्हायच्या आधी.

३६ च्या गणितात मात्र मी सरांच्या बाजूचा. तिनं अंदाजानं संख्या शोधली. तो धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा आहे, तिथं संख्या सापडणं महत्त्वाचं नाही, समीकरण मांडता येणं महत्त्वाचं. दशकाचा अंक एक्स, एककाचा वाय. एक्स + वाय = ९. मूळ संख्या १० एक्स + वाय, उलटी १० वाय + एक्स, वजाबाकी केली की ९ वाय - ९ एक्स = २७, म्हणजे वाय - एक्स = ३. आता दोन्हीची बेरीज, वाय = ६, एक्स = ३. एवढ्या चार ओळी. उद्या बेरीज ९ च्या जागी वेगात चालणारी नाव आणि प्रवाह आला तर अंदाज चालणार नाही. तरी पडताळा तिनं नीट केला होता, त्याला मी अर्धा मार्क दिला असता, शून्य काय मी दिलं नसतं.

बोर्डात तपासताना अर्ध्या अर्ध्या मार्काच्या स्टेप असतात, हे पोरांना कुणी सांगत नाही. समजा २ मार्काला २एक्स² - ५एक्स + ३ = ० सूत्रानं सोडवा आलं. सूत्र लिहिलं की अर्धा, किमती घातल्या की अर्धा, सोपं रूप दिलं की अर्धा, उत्तरं १ आणि ३/२ आली की अर्धा. एखाद्यानं शेवटी चिन्ह चुकवलं तरी दीड हातात राहतो. आणि नुसतं उत्तर लिहिणाऱ्याचं उत्तर चुकलं तर सगळंच जातं. बोर्ड मॉडेल उत्तरं वेबसाईटवर घालतं, त्यात समोर मार्क लिहिलेले असतात, ती एकदा काढून लेकीपुढं ठेवा.

चंदगडची_मावशी
आमच्याकडं महाराष्ट्र बोर्डात बीजगणिताचा पेपर वेगळा ४० चा, भूमितीचा ४० चा आणि इंटरनल २०. माझी भाची बेळगावला, मुलगा इथं, दोघं एकाच वर्षी दहावीला होते त्यामुळं दोन्ही बघितलंय. तुमच्याकडं एकाच ८० च्या पेपरात सगळं येतं म्हणून बीजगणितात कच्चं राहिलं तर लपवायला जागा मिळते असं वाटतं, पण पुढं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला तेच बीजगणित समोर येतं. ताई, सर स्टेप मागतात त्याबद्दल त्यांना दुवा द्या, आणि बसचं मात्र जाऊन सांगा.

कडोली_टीचर
मी सध्या नववी दहावीला गणितच शिकवते, दुसऱ्या शाळेत, म्हणून सरांची बाजू पण सांगते. वर्गात पन्नासच्या वर पोरं, वही रोज मागितली नाही तर निम्मी पोरं लिहीतच नाहीत, आणि उशिरा येणाऱ्या वह्यांतल्या बऱ्याच मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या बघून उतरवलेल्या असतात. कोण बसमुळं थांबला आणि कोण उतरवत थांबला हे कसं ओळखायचं. म्हणून सरांनी सरसकट नियम केला असणार, मी पण पहिली दोन वर्षं तेच करत होते.

नंतर सोडलं. कारण काय झालं, वर्षाच्या शेवटी मार्कांची यादी बघितली तर माझ्या इंटरनलवरून कुणाला गणित येतं ते कळतच नव्हतं, कोण वेळेवर येतं ते कळत होतं. एका पोराला मी उपक्रमात ५ दिले होते, वडील सकाळी दूध घालायला पाठवायचे म्हणून उशीर व्हायचा, आणि त्यानं बोर्डाच्या लेखीत ८० पैकी ७१ घेतले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता मी वही बघते, लाल पेनानं चूक दाखवते, पण वहीला मार्क नाहीत. आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी, त्यात वहीतलंच एक गणित आकडे बदलून. उतरवलेलं तिथं लगेच कळतं. चाचणी चुकली तर आठवड्याच्या आत दुपारी परत देते, प्रश्न वेगळे. आणि उपक्रमाचे १५ कशाला किती ते आधीच फळ्यावर लिहिते, उदा. आलेख काढा म्हटलं तर अक्ष आणि प्रमाण ३, बिंदू ५, रेषा ३, छेदबिंदू वाचून उत्तर ४. वेळ पाळली नाही तर घरी फोन करते, मार्काला हात लावत नाही. काम वाढतं, खोटं कशाला सांगू, पण पोरं माझ्याशी मार्कावरून भांडत नाहीत.

ताई, सरांकडं जाताना मैत्रिणीचे मार्क काढू नका. नुसतं विचारा, सर, उपक्रमाचे १५ कशाचे किती धरले, म्हणजे पुढच्या वेळी ती सुधारेल. आणि बसचा टाईम लिहून अर्ज द्या.

अनगोळ_०७
मी मराठी मीडियमचा, आता इंजिनिअरिंगला. एक ॲड करतो. पीयूला गेल्यावर पहिले तीन महिने मला कोइफिशंट म्हणजे सहगुणक, टर्म म्हणजे पद, रूट म्हणजे मूळ हे जुळवण्यात गेले, पण स्टेप लिहायची सवय होती म्हणून वाचलो, शब्द कळला नाही तरी ओळी कळायच्या. माझ्या दहावीच्या टीचरनी तोंडी उत्तर कधीच घेतलं नाही, फळ्याजवळ बोलवून आधी पहिली ओळ लिही म्हणायच्या. तेव्हा राग यायचा. तुमच्या मुलीला डोक्यात उत्तर येतं म्हणजे तिची समज चांगली आहे, फक्त ती कागदावर उतरवायची सवय लावा, मोठी वही घालून द्या, जागा वाचवत बसते का बघा, माझं तेच होतं.

खानापूरकर_आई
सगळ्यांचे आभार, मास्तर सर तुमचं पाऊण मार्काचं गणित तिला मांडून दाखवलं, त्या रात्री नीट जेवली.

काल शाळेत जाऊन आले. टीचर म्हणाल्या तसंच विचारलं, दुसऱ्या कुणाचं नाव काढलं नाही. सरांनी वही काढून दाखवली, उपक्रमात पाच मार्क वेळेचे धरले होते, दोन्हीत ते पूर्ण गेले. बाकीचे आलेखात प्रमाण लिहिलं नव्हतं आणि उत्तराचं वाक्य नव्हतं म्हणून, ते बरोबर आहे, ती चूक तिचीच. बसचा अर्ज दिला, सर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की बसनं येणाऱ्या पोरांनी मधल्या सुट्टीपर्यंत वही दिली तरी चालेल, पण एफए १ चे भरलेले मार्क बदलणार नाही. मला ते थोडं लागलं, कारण चूक नसताना गेलेले दहा मार्क ते दहाच, पण आमच्या गावची अजून सहा पोरं त्याच बसनं येतात, त्यांना पण आता सवलत झाली.

मास्तर सर, काल तिनं नाव आणि प्रवाहाचं गणित केलं, समीकरणं नीट मांडली, पण प्रवाहाच्या उलट जाताना वेग एक्स - वाय का आणि वाय - एक्स का नाही यावर अडकून बसलीय. कसं समजावू?

निवृत्त_गणित_मास्तर
नावेचा वेग एक्स, पाण्याचा वाय. पाणी तिला मागं ढकलतं, म्हणून एक्समधून वाय कमी. वाय मोठा असता तर नाव पुढं गेलीच नसती, पाण्यासोबत मागं वाहत आली असती, हे तिला मलप्रभेच्या पुरात बघितलेल्या होडीवरून सांगा, लगेच कळेल. सुटल्यावर वहीचा फोटो इथं टाका, स्टेप बघतो.