मदत हवी आहे: कम्युनिस्ट राजवटीतल्या बालपणावरची मुलांची पुस्तकं

भाचीसाठी पुस्तकं सुचवा प्लीज, वय अकरा, इंग्रजी नीट वाचते. तिने पीटर सीसचं 'द वॉल' वाचलं आणि तेव्हापासून प्रश्न थांबतच नाहीयेत. सीस १९४९ साली जन्मला, प्राग शहरात वाढला, आणि चित्रं बघाल तर सगळं काळंपांढरं, लाल रंग फक्त झेंडे, तारे, गळ्यातले रुमाल असल्या सरकारी गोष्टींना, मग १९६८ चा प्राग स्प्रिंग (चेकोस्लोव्हाकियात काही महिने आलेली मोकळीक) येतो तेव्हा एकदम पानभर रंग, आणि मग सोव्हिएत रणगाडे. ते पान ती कितीतरी वेळ बघत बसली.

नंतर युजीन येल्चिनचं 'ब्रेकिंग स्टॅलिन्स नोज' दिलं. त्यातल्या साशाला पायोनियर (सोव्हिएत मुलांच्या कम्युनिस्ट संघटनेचा सदस्य) व्हायचंय, आणि त्याच्या वडिलांनाच रात्री पकडून नेतात. ती खूप हलली, पण अजून दे म्हणते.

'रेड स्कार्फ गर्ल' (शांघाय, सांस्कृतिक क्रांती) अकराव्या वर्षी झेपेल का? कोणी मुलांना दिलं असेल तर खरं सांगा, घरझडती आणि अपमानाचे प्रसंग मला मोठ्या माणसालाही जड गेले. रोमानिया, पूर्व जर्मनी, अल्बानियाबद्दल या वयाचं काही आहे का? मराठीत असेल तर फारच बरं, आपल्याकडे प्रदर्शनात सोव्हिएत गोष्टींची सुंदर मराठी पुस्तकं स्वस्तात मिळायची, मी त्यांच्यावरच वाढले आणि अजूनही जपून ठेवलीत, पण ती तिकडच्या सरकारनेच छापलेली, त्यात रात्री दार वाजायचं नाही. तिला दोन्ही बाजू कळाव्यात असं मनापासून वाटतं.