शब्दचर्चा: 'बह्याड', 'च्या मायले' आणि मागचा 'गा'

दर्यापूरकडून:
विदर्भातल्या आपल्या वऱ्हाडी बोलीत 'बह्याड' म्हणजे वेडा, अक्कल नसलेला. वावरात हा शब्द कोणालाच लागत नाही, बाजार समितीत त्यावरून कॉलर धरली जाते. हा शिवीत धरायचा का?

वर्धेकडून:
शब्द नका पाहू, मागचं संबोधन पाहा. 'बह्याड हायेस का गा' हे बरोबरीच्याला, मायेनं. 'बह्याड हाये का बे' म्हटलं की भांडण. दोस्ताला 'बे' चालतो; वयानं मोठ्याला नुसता 'बे' लावला तरी ती शिवीच. बाईला 'गा' नाही, 'वं'. भंडारा-गोंदियाकडचा 'जी' लावून कडक शिवी देऊन पाहा, वाक्यच मोडतं.

वणीकडून:
डवरणीत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांनी कोळपताना, सगळ्यात जास्त शिव्या बैलाला पडतात, पण त्या बैलाच्या नसतात, धन्याच्या असतात: 'तुह्या धन्याचा मुडदा!' हाकणारा स्वतःच धनी असला तरी हेच. तास वाकडं जाऊन पास (डवऱ्याचं लोखंडी पातं) कपाशीच्या झाडाला लागली की आवाज चढतो. पोळ्याच्या दिवशी मात्र ना तुतारी (बैलाला टोचायची काठी), ना शिवी. निंदणातल्या बायांकडे शिवीपेक्षा शाप जास्त: 'तोंड जळो', 'पटकी येवो'. पटकी म्हणजे कॉलरा. गावातून रोग गेला, शब्द राहिला.

हमालांच्या तोंडी 'साला' दर वाक्याला येतो, कोणी मनावर घेत नाही. भाव पडलेला असताना लिलावात अडत्यानं शेतकऱ्याला तोच म्हटला तर जिव्हारी लागतो. आणि साला म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणजे शिवी जाते बहिणीवर.

अकोटकडून:
'च्यायला' हे 'तुझ्या आयला'चं झिजलेलं रूप. वऱ्हाडीत आई म्हणजे माय आणि 'ला'चा 'ले', म्हणून 'च्या मायले'. 'च्यायला'त आई ऐकू येत नाही, इथं 'माय' अख्खी ऐकू येते. बाहेरून आलेल्या मास्तरांनी दोन्ही सारखे समजू नयेत.

वर्धेकडून:
'रांडेच्या'बद्दल स्पष्ट लिहायला हवं. संस्कृत 'रण्डा' म्हणजे विधवा. पातीत, म्हणजे निंदणाच्या ओळीत, नवरा गेलेल्या चार बाया निंदत असतात, धुऱ्यावरून (बांधावरून) कोणी गड्याला ही शिवी देतो. गडी हसतो, लागते त्या चौघींना. आपल्या जिल्ह्यांत अशा बाया किती आहेत हे वेगळं सांगायला नको. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी दिल्यास ५०० रुपये दंडाचा ठराव केला. आपल्याकडेही गावोगाव व्हावा.

दर्यापूरकडून:
म्हणजे 'गा' लावला की सगळं चालतं?

वणीकडून:
नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांच्या देखत जातीच्या नावानं शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं, वर दंड. पानठेल्यावर मस्करीत म्हटलं, मागं 'गा' होता, असं सांगून सुटका नाही.